मोरस साखर आणि घरांतला डबा

गेल्या चैत्रांत डॉक्टरांनीं आमच्या रक्ताच्या तपासणीचा कागद पुढें ठेवला आणि आम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहों, असें सौम्य शब्दांत सांगितलें. आमचे तीर्थरूप याच विकारानें शेवटचीं सात वर्षें दृष्टिहीन होते. त्यांना रोज सकाळीं वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे असे. त्यामुळें डॉक्टरांचें तें वाक्य ऐकतांना आमच्या मनांत काय आलें असेल, याची कल्पना वाचकांना सहज करतां येईल. त्याच रात्रीं सर्व मंडळी निजल्यावर आम्ही हलक्या पावलांनीं स्वयंपाकघरांत गेलों आणि डब्यांतील चार बिस्किटें उभ्या उभ्या खाल्लीं, हेंहि येथें कबूल केलें पाहिजे. जवळजवळ तीस वर्षें तरुणांना इतिहास शिकविणाऱ्या मनुष्याचा आपल्या हातावर एवढाहि ताबा नसावा, याची लाज वाटली; आणि लाज ओसरल्यावर जिज्ञासा उत्पन्न झाली. हा हात डब्याकडे जातो तो कोणाच्या आज्ञेनें?

गोडाची आवड मनुष्याच्या स्वभावांतच आहे, हें खरें. तान्ह्या मुलाच्या जिभेला मधाचें बोट लावलें तर तें हंसतें आणि कडू लागलें तर तोंड फिरवितें. परंतु दिवसांतून पांच वेळां साखर पोटांत घालण्याची संवय स्वभावाच्या माथीं मारतां येणार नाहीं. ती इतिहासाची देणगी आहे, आणि तीहि फार जुन्या इतिहासाची नव्हे. जी गोष्ट इतिहासानें आणली ती मनुष्याला बदलतां येते, या आशेनेंच आम्हीं हें प्रकरण उलगडून पाहण्याचें योजिलें.

साखरेचें माहेर आपल्याच देशांत आहे. संस्कृत शर्करा या शब्दापासून फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’ आणि अखेर इंग्रजी ‘शुगर’ हे शब्द निघाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे उंसाच्या रसाचे पांच प्रकार मोजलेले आहेत. अलेक्झांडरचा नौकाधिपति निआर्कस यानें मधमाश्यांवांचून मध देणाऱ्या बोरूची गोष्ट आश्चर्यानें लिहून ठेविली. इ. स. ६४७ मध्यें चीनच्या ताइझुंग बादशहानें साखर करण्याची विद्या शिकण्यासाठीं मगध देशीं माणसें पाठविलीं. पुढें शिष्यांनीं गुरूवर मात केली आणि माहेरची लेक परक्या नांवानें घरीं परत आली. चीनच्या नांवावरून उत्तरेंत ती ‘चिनी’ झाली, मिसर देशाच्या नांवावरून ‘मिसरी’ किंवा ‘मिश्री’ झाली, आणि आपल्या महाराष्ट्रांत मॉरिशसच्या नांवावरून ‘मोरस’ झाली. आमची आजी शेवटपर्यंत पांढऱ्या दाणेदार साखरेला मोरस साखर म्हणे. त्या शब्दाचा अर्थ तिनें कधीं विचारला नाहीं, आणि आम्हींहि पन्नाशी उलटेपर्यंत विचारला नाहीं.

मोरस येण्यापूर्वीं आपले पूर्वज मोठे मिताहारी होते, असा भलता अभिमान मात्र बाळगूं नये. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत प्रमेहाचीं कारणें देतांना बसून राहण्याचें सुख, झोंपेचें सुख, दहीं, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा स्पष्ट उल्लेख आहे; म्हणजे रोगहि होता आणि रोग होण्याइतकें खाणारेहि होते. पेशवाईंतील पंक्तींचीं वर्णनें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना अधिक सांगणें नको. पण तें सुख थोड्यांचें होतें व ठराविक दिवसांचें होतें. सामान्य घरांत दारीं आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी मिळे, मुलांना मधल्या वेळीं लाह्या, फुटाणे, भाजलेले दाणे किंवा सकाळची भाकरी मिळे, आणि गोड पक्वान्न सणाची वाट पाही. गोडाला तिथि होती. ती तिथि कोणी व कशी पुसली, हा खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर शोधण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागतो. अठराव्या शतकांत वेस्ट इंडीज बेटांतील साखर आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर पिकत असे. इ. स. १७९१ च्या एप्रिलमध्यें गुलामांचा व्यापार बंद करण्याची सूचना ब्रिटिश पार्लमेंटनें फेटाळली, तेव्हां विल्यम फॉक्स यानें एक पुस्तिका काढून लोकांना साखरच सोडण्याची विनंति केली. त्याचा हिशोब भयंकर साधा होता: आठवड्याला पांच पौंड साखर वापरणारें कुटुंब एकवीस महिने ती टाकील, तर एका मनुष्याची हत्या टळेल. या आवाहनाचा परिणाम विलक्षण झाला. सुमारें तीन लाख लोकांनीं साखर सोडली, असा थॉमस क्लार्कसनचा अंदाज आहे. ज्यांच्यानें अगदींच राहवेना त्यांनीं हिंदुस्थानांतून आलेली साखर घेतली, आणि ही साखर गुलामांनीं केलेली नाहीं असें तिच्या भांड्यांवर लिहिण्याची पुढें चाल पडली. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. पण घरच्या चहाच्या मेजावर त्यांची सत्ता होती, आणि ती त्यांनीं चालविली.

इ. स. १८०७ मध्यें ब्रिटिश साम्राज्यांत गुलामांचा व्यापार बंद झाला आणि १८३३ च्या कायद्यानें गुलामगिरी बंद करण्याचें ठरलें. परंतु मळे कोणी राबवावयाचे? मॉरिशसच्या मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. १८३४ पासून पुढच्या काळांत साडेचार लाखांवर हिंदी मजूर करारानें बांधले जाऊन त्या बेटावर उतरले. त्यांत बिहारी व तामीळ लोकांबरोबर मुंबई बंदरांतून गेलेले आपले मराठी लोकहि होते. रत्नागिरीकडील वाड्यांतून उठून गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजहि तेथें मराठी भाषेचा अभिमान बाळगून आहेत. त्यांनीं तोडलेल्या उंसाची साखर पोत्यांतून परत मुंबईस आली आणि मोरस या नांवानें कोंकणांत व देशावर विकली गेली. आपल्याच भावांच्या घामाची ती साखर, पण ती खातांना आम्हांपैकीं कोणाला तो घाम आठवला नाहीं. पांढऱ्या रंगाचा हाच गुण आहे. त्यावर कोणाच्या हाताची खूण उरत नाहीं.

साखर स्वस्त होऊं लागली, तरी ती घरांत रोज शिरण्यास सोबत हवी होती. ती चहानें दिली आणि चहाला बिस्किटानें दिली. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें झालेल्या चहापानाची हकीकत प्रसिद्ध आहे. मिशनऱ्यांच्या हातचा चहा व बिस्किटें समोर आल्याबद्दल रानडे, टिळक यांच्यासारख्या पुरुषांविरुद्ध ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि प्रायश्चित्ताचा वाद पुण्यांत कित्येक दिवस गाजला. त्या वादांत धर्माची पुष्कळ चर्चा झाली. त्या कपांत साखर किती होती, हा प्रश्न मात्र कोणालाहि सुचला नाहीं. तो सुचण्याचें कारणहि नव्हतें. ज्या चहा-बिस्किटांसाठीं एके काळीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें, तीं न दिलीं तर आज पाहुण्याचा अपमान होतो, एवढें अंतर आम्हीं तोडलें आहे.

मध्यें एकदां आपल्या समाजानेंहि साखर टाकून पाहिली. युरोपांतील बीटची साखर इतकी स्वस्त येऊं लागली कीं, १८९९ सालीं सरकारलाहि तिच्यावर जादा जकात बसवावी लागली. पुढें १९०५ ची स्वदेशीची चळवळ उठली, तेव्हां परदेशी कापडाच्या जोडीला परदेशी साखरहि बहिष्कारांत आली. ती हाडांच्या कोळशानें शुद्ध करतात, या माहितीनें धर्मनिष्ठांची कुचंबणा दूर केली. अनेक घरांत चहांत गूळ पडूं लागला. तो चहा चांगला लागत नसे, असें तो पिणारे वडील मंडळी सांगत. पण सांगतांना त्यांच्या मुद्रेवर एक प्रकारचें समाधान दिसे.

मग १९३२ सालीं सरकारनें देशी साखरेच्या धंद्याला संरक्षण दिलें आणि तीस-बत्तीस कारखान्यांचे पांचसहा वर्षांत सव्वाशेंच्या वर कारखाने झाले. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाचें रूप पालटलें. त्या कार्याचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु साखर स्वदेशी झाली, सहकारी झाली, आणि तिला नकार देण्याचें आपल्याजवळचें शेवटचें कारणहि संपलें. इंग्लंडांतहि तेंच झालें. गुलामगिरी गेल्यावर सदसद्विवेक शांत झाला आणि १८०० च्या सुमारास माणशीं वर्षाला अठरा पौंड असलेली साखर शतकाअखेर नव्वद पौंडांच्या घरांत गेली. दुसऱ्यावरील अन्याय दिसला तेव्हां मनुष्यानें जीभ आवरली. अन्याय दिसेनासा झाला तेव्हां ती सुटली. आज अन्याय होतो तो स्वतःच्या देहावर व पोटच्या मुलांवर, आणि तो पाहण्यास आपले डोळे तयार नाहींत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें देशांत सुमारें १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारें १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्या उंबरठ्यावर आमच्याबरोबर एवढी गर्दी असेल, असें आम्हांस वाटलें नव्हतें.

मनोनिग्रहानें हें साधेल काय? इतिहास येथें एक विलक्षण दाखला देतो. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडांत १९४० च्या जानेवारींत साखरेवर नियंत्रण आलें. माणशीं आठवड्याला साधारण आठ औंस साखर मिळे. १९४२ मध्यें मिठाईवरहि तें आलें. १९४९ च्या एप्रिलमध्यें सरकारनें मिठाई मोकळी करून पाहिली, तों लोकांनीं दुकानें अशीं लुटल्यासारखीं रिकामीं केलीं कीं, ऑगस्टमध्यें नियंत्रण पुन्हा आणावें लागलें. अखेर १९५३ च्या सप्टेंबरमध्यें साखर मोकळी झाली आणि तिचा खप लगेच जवळजवळ दुप्पट झाला. तेरा वर्षें कमी साखरेवर राहिलेल्या त्या राष्ट्रानें संयम शिकला होता, असें म्हणतां येत नाहीं.

तरी ती तेरा वर्षें फुकट गेलीं नाहींत. नियंत्रण उठण्याच्या आगेमागें जन्मलेल्या सुमारें साठ हजार माणसांची माहिती संशोधकांनीं पडताळून पाहिली. तिचे निष्कर्ष २०२४ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांचा गर्भवास व पहिलीं दोन वर्षें नियंत्रणाच्या काळांत गेलीं, त्यांना उतारवयांत मधुमेह होण्याचें प्रमाण सुमारें ३५ टक्क्यांनीं व रक्तदाबाचें सुमारें २० टक्क्यांनीं कमी आढळलें; ज्यांना मधुमेह झाला त्यांनाहि तो सरासरी चार वर्षें उशिरां झाला. त्या बालकांनीं कोणताहि निग्रह केला नव्हता. त्यांच्या घरांत साखर थोडी होती, एवढेंच त्यांचें पुण्य.

या दाखल्यापासून आम्हीं जो बोध घेतला तो असा कीं, घरांत डबा भरलेला ठेवून मुलाला संयमाचा उपदेश करणें व्यर्थ आहे, आणि स्वतःला करणें त्याहून व्यर्थ आहे. पहिल्या महिन्यांत आम्ही उपदेशच करीत होतों. शाळेंतून आलेला आमचा मुलगा डब्याला हात घाली आणि आम्ही त्याला प्रमेहाचीं लक्षणें सांगत असूं. शेवटीं आमच्या पत्नीनें एके दिवशीं शांतपणें विचारलें, “अहो, बिस्किटें आणतं कोण?” आणणारे आम्हीच होतों.

तेव्हांपासून घराची व्यवस्था बदलली. बिस्किटें व शेव-फरसाण वाण्याच्या यादींतून गेलें. डब्यांत फुटाणे, भाजलेले शेंगदाणे व ज्वारीच्या लाह्या आल्या. टोपलींत पेरू व काकडी हाताशीं राहूं लागली. चहांतील साखर एकदम तोडली नाहीं; दर पंधरवड्यास अर्धा चमचा उणी केली, आणि तीन महिन्यांनीं पूर्वीचा चहा आम्हांलाच पाकासारखा लागूं लागला. गुळाच्या नांवाखालीं पळवाट काढूं नये, हेंहि शिकलों. रक्ताला गूळ व साखर यांत फारसा भेद कळत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणें मोठ्या माणसानें दिवसाला वरून घातलेली साखर सुमारें सहा चमच्यांच्या आंत ठेवणें उत्तम. आमच्या घरीं ती मर्यादा पूर्वीं दुसऱ्या चहालाच ओलांडली जात असे. सणाचें पक्वान्न मात्र आम्हीं बंद केलें नाहीं. गोडाला तिची तिथि परत द्यावी, एवढाच आमचा हेतु आहे.

हें सर्व नीट पार पडलें, असा वाचकांचा समज होऊं नये. दिवाळींत आमचें पाऊल पुन्हा घसरलें, आणि मुलगा मित्रांकडे काय खातो याची चौकशी आम्ही करीत नाहीं. परवां तो शाळेंतून आला, डबा उघडून थोडा वेळ पाहत उभा राहिला, आणि मूठभर फुटाणे घेऊन खेळावयास गेला. जातांना त्याचा चेहरा फारसा प्रसन्न नव्हता. आम्ही खिडकींतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत होतों, आणि कित्येक वर्षांनीं तीर्थरूपांच्या खोलींतील ती सकाळची वेळ आठवली. पुढें आमच्यासाठीं वर्तमानपत्र वाचण्याची पाळी त्याच्यावर येऊं नये, आणि त्याच्यासाठीं ती दुसऱ्या कोणावर येऊं नये, एवढ्याकरितां त्याची थोडी नाराजी सोसण्यास आम्ही तयार आहों.