केशवपन ते केशरचना : महाराष्ट्रातील स्त्रियांच्या आखूड केसांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :
केस ही निसर्गाची देणगी असली तरी ते किती ठेवावेत, हा प्रश्न सामाजिक आहे. महाराष्ट्रात स्त्रीचे लांब केस सौभाग्याशी, तर मुंडण वैधव्याशी जोडले गेले होते. म्हणूनच आखूड केशरचनेचा इतिहास हा केवळ सौंदर्यप्रसाधनाचा इतिहास ठरत नाही. प्रस्तुत लेखात या परिवर्तनाचा आढावा घेतला आहे.

केशवपनाविरुद्ध चळवळ :
एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण व काही उच्चवर्णीय समाजांत विधवेचे केशवपन करण्याची रूढी होती. मुंडण एकदा करून भागत नसे. केस वाढले की नाभिकास पुन्हा बोलावले जाई व विधवेच्या वाट्याला तीच विटंबना पुन्हा येई. गोपाळ गणेश आगरकरांनी इ. स. १८८८ मध्ये सुरू केलेल्या 'सुधारक'मधून अशा रूढींवर प्रखर टीका केली. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने इ. स. १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी विधवांचे वपन न करण्याचा निर्धार केला. या घटनेचे महत्त्व असे की, ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला.

स्त्रियांचा स्वतःचा निर्णय :
पंडिता रमाबाईंनी इ. स. १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' स्थापन केले. त्यांच्या उपलब्ध छायाचित्रांत आखूड केस दिसतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचे वैधव्यात वपन झाले होते. पुढे त्यांनी ते बंद करून केस वाढविले व आत्मचरित्रात त्याविषयी लिहिले. एकीने केस आखूड ठेवले, दुसरीने वाढविले. दिशा भिन्न असली तरी दोघींनीही रूढीची चौकट ओलांडली.

केशरचनेचे आधुनिक रूप :
पहिल्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत 'बॉबकट' रूढ झाला. भारतात इ. स. १९६० च्या 'लव्ह इन शिमला' या चित्रपटानंतर 'साधना कट' लोकप्रिय झाला. आता चेहऱ्याची ठेवण पाहून केशरचना निवडली जाते. गोल चेहऱ्यास हनुवटीच्या खाली येणारी लांबी शोभते, तर लांबट चेहऱ्यास कपाळावरील बटा. केस महिन्याला साधारणतः एक ते सव्वा सेंटिमीटर वाढत असल्याने आखूड केसांचा आकार टिकविण्यासाठी सहा ते आठ आठवड्यांनी ते कापावे लागतात. केसांची वाढ तेव्हाही तीच होती. बदलला तो कापण्याचा निर्णय घेणारा.

परंडा परिसराचा संदर्भ :
वरील चळवळीची प्रमुख केंद्रे पुणे व मुंबई ही होती. परंडा व उर्वरित मराठवाडा मात्र इ. स. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे पुण्या-मुंबईचा कालक्रम या भागास जसाच्या तसा लावणे अशास्त्रीय ठरेल. येथील वृद्ध स्त्रिया व नाभिक कुटुंबे यांच्या मौखिक आठवणींचे संकलन तातडीने होणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
लादलेले मुंडण हा अपमान होता, तर निवडलेले आखूड केस ही अभिव्यक्ती आहे. या दोहोंतील भेद केसांच्या लांबीचा नसून स्त्रीच्या संमतीचा आहे. आजही मुलीने केस कापण्यापूर्वी घरातून परवानगी घ्यावी, अशी अपेक्षा जेथे केली जाते, तेथे हा इतिहास अपूर्णच आहे, असे म्हणावे लागते.