मुलीचें नांव

मुलीचें नांव काय ठेवावें असें विचारावयास आईबाप आमच्याकडे येतात, तेव्हां त्यांच्या बहुधा तीन अपेक्षा असतात. तें कानाला गोड लागावें, त्याला चांगला अर्थ असावा, आणि तें कोणा संतस्त्रीचें असावें. हल्लीं चौथीही एक आढळते: तें शेजारच्या घरांत आधींच घेतलेलें नसावें!

नांवांचीं मुळें शोधीत गेलें असतां मोठी गंमत हातीं लागते. मारिया हें हिब्रू मिर्याम. त्याचा अर्थ विद्वानांना अजून निश्चित करतां आलेला नाहीं. संत जेरोमनें त्याचा अर्थ लॅटिनमध्यें ‘समुद्राचा थेंब’ असा दिला होता, व पुढें नकलकारांच्या हातून एक अक्षर बदलून त्या थेंबाचा तारा झाला, असें मानतात. आज पवित्र मातेला समुद्रतारा म्हणून आळविणाऱ्यांना त्या नकलकाराचें ऋण ठाऊकही नसतें. आन्ना म्हणजे कृपा, लुसिया प्रकाशाची. मार्गारेट हें ज्या ग्रीक शब्दावरून आलें त्याचा अर्थ मोतीं, म्हणजे आपली मुक्ताच कीं!

१९१७ च्या धर्मनियमसंहितेनें ख्रिस्ती नांवाचा आग्रह धरिला होता. आईबापांनीं न ऐकिल्यास धर्मगुरूनें संताचें नांव जोडून दोन्ही नोंदवावीं, अशी आज्ञा होती. १९८३ च्या संहितेनें इतकेंच म्हटलें कीं ख्रिस्ती भावनेस विसंगत नांव नसावें. तेव्हां मुक्ता, कृपा किंवा ज्योति ह्यांना बाप्तिस्म्याच्या कुंडापाशीं अडविण्याचें कारण उरलें नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला, तेव्हां मेरी हें नांव स्वीकारिलें, परंतु रमा टाकिलें नाहीं. आम्हांस तें योग्य वाटतें.

परंतु आपल्या ह्या सातारा-सांगलीच्या मुलखांत एका नांवाचा इतिहास निराळाच आहे. मुलगा हवा असतां मुलीमागून मुलगी झाली, म्हणजे शेवटचीला ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ म्हणत. पुढला मुलगा होईल अशी त्यांत समजूत. मुलगे जगेनासे झाले म्हणजे दृष्ट लागूं नये म्हणून दगडू, धोंडू अशीं नांवें ठेवीत, हें सर्वांस ठाऊक आहे. नांव ओबडधोबड, पण त्यांतही मूल राहावें ही ओढ होती. नकुशीच्या नांवांत ओढ होती ती दुसऱ्याच मुलाची. हें नांव शाळेच्या हजेरींत रोज पुकारलें जाई, आणि त्या पोरीला रोज ‘हजर’ म्हणावें लागे.

ऑक्टोबर २०११ मध्यें साताऱ्यास जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनीं अशा २८५ मुलींना नवीं नांवें दिलीं. वेण्या घालून, चांगले कपडे लेवून त्या रांगेनें उभ्या राहिल्या. नव्या नांवाचा दाखला व फुलांचा लहानसा गुच्छ घेऊन घरीं गेल्या. कोणी सिनेमांतल्या नटीचें नांव पसंत केलें. त्यास नाक मुरडण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. निवडण्याची पाळी त्यांना प्रथमच आली होती. त्याच वर्षीच्या जनगणनेचे पहिले आकडे पाहतां सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें देशांत मुली ९१४ भरल्या. दहा वर्षांपूर्वीं त्या ९२७ होत्या. आणि १९९४ चा गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा असतांही, मार्च २०१७ मध्यें सांगली जिल्ह्यांत म्हैसाळ येथें १९ स्त्रीभ्रूण सांपडले. त्यांना नकुशी हें नांवही मिळालें नाहीं.

पवित्र शास्त्रांत अशी एक मुलगी आहे. होशेय प्रवक्त्याच्या कन्येचें नांव लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाहीं ती. इस्राएलच्या अपराधाची खूण म्हणून तें नांव देवाच्या सांगण्यावरून ठेविलें होतें. दुसऱ्याच अध्यायांत देव तो नकार काढून घेतो, आणि मागें राहतें तें केवळ रुहामा.

नकुशी आपल्या ख्रिस्ती घरांत नसते, असें कोणी म्हणेल. नोंदवहींत ती सहसा सांपडणार नाहीं, कारण तेथें संताचें नांव आडवें येतें. परंतु मुलगा झाला कीं पेढे आणि मुलगी झाली कीं बर्फी, हा भेद आपल्याही घरांत चालत आला आहे. आणि तिसऱ्या मुलीच्या बाप्तिस्म्यास पाव्हणे थोडे येतात, हें आम्हीं पाहिलें आहे.

बाप्तिस्म्याच्या विधींत पहिला प्रश्न नांवाचाच असतो, आणि तो आईबापांना विचारावयाचा असतो. उत्तर पूर्वीं बहुधा बापच देई. अलीकडे आया देऊं लागल्या आहेत, आणि मागच्या बांकापर्यंत ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें देतात.