डॉसपासून युनिकोडपर्यंत : मराठी पाठाची स्थलांतरे

मोडीकडून बाळबोधीकडे आणि पोथीकडून छापील पुस्तकाकडे झालेल्या संक्रमणांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यानंतरचे संक्रमण आपल्या डोळ्यांदेखत घडले, आणि म्हणूनच की काय, वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ते संगणकवाल्यांचा विषय म्हणून सोडून दिले. डॉसवरून विंडोजवर, विंडोजच्या एका पिढीवरून पुढच्या पिढीवर, क्वचित लिनक्सवर असा प्रवास मराठी मजकुराने साधारण १९८८ ते २०१४ ह्या काळात केला. प्रत्येक मुक्कामावर त्यातले काही मागे राहिले. काय राहिले आणि का, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आम्ही हे शेवगावात बसून लिहीत आहोत, ह्याला थोडा अर्थ आहे. शेवगावच्या एका अंगाला नेवासे, दुसऱ्या अंगाला पैठण. नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तीन शतके पुरी होण्याच्या आतच तिच्या प्रतींत इतके पाठभेद शिरले, की पैठणच्या एकनाथांना शके १५०६ मध्ये, १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. पुढे राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक निराळी प्रत छापली आणि वाद नव्याने पेटला. हाताने नक्कल करणे म्हणजे थोडाबहुत बदल करणे, हे ह्या परिसरातील साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. संगणक आला तेव्हा ही चिंता कायमची मिटली असे वाटले. फाईलची नक्कल हुबेहूब होते, लेखनिकाची डुलकी तीत उतरत नाही. हे खरेच आहे. मात्र फाईल जशीच्या तशी राहिली आणि ती वाचणारी कार्यप्रणालीच बदलली तर काय होते, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि आपण ह्यांच्यामधला कारभारी. अक्षर कळफलकावरून आत कसे जाते, आत कोणत्या अंकाने ओळखले जाते आणि पडद्यावर कोणत्या रूपात उमटते, हे तो ठरवतो. डॉस ह्या कारभाऱ्याला रोमन लिपीपलीकडचे काही कळत नव्हते. तरीही १९८०च्या दशकाच्या अखेरीस डॉसवर मराठी उमटू लागले, ते जिस्ट कार्डामुळे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. संगणकाच्या पोटात एक जादा पाटी बसवायची. मग वर्डस्टार किंवा डीबेससारख्या मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीतही देवनागरी दिसू लागे. त्यामागे ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती. तिचे भारतीय मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले. इस्कीचे तत्त्व वैयाकरणाला आवडेल असे होते. अक्षराचे चित्र साठवायचे नाही, वर्ण साठवायचे, आणि तेही उच्चाराच्या क्रमाने. ‘किती’ ह्या शब्दात आधी क, मग इकार. ‘कर्म’ ह्या शब्दात क, र, हलन्ताची खूण, म. डोळ्याला वेलांटी आधी दिसते किंवा रफार मागाहून, ही बाब चित्र काढणाऱ्याची. साठवणुकीशी तिचा संबंध नाही.

विंडोज ९५ आले आणि ह्या बाबतीत मराठी एक पाऊल मागे गेली. हे विधान विचित्र वाटेल, कारण पडद्यावरचे सौंदर्य नेमके तेव्हाच खुलले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे स्वतःचे सुरेख आणि योगेश अशा टंकांनी लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, विद्यापीठीय प्रबंध ह्यांचे रूप पालटले. तालुक्याच्या गावी खिळे जुळवणारा छापखाना मागे पडून ‘डीटीपी’ची पाटी लागली. पण ह्या टंकांची युक्ती अशी, की विंडोजला रोमन अक्षरे लिहिली जात आहेत असेच भासवायचे आणि त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे ठेवायचे : अर्धा क, उभा दंड, वेलांटी, रफार. साठत होते ते चित्रांचे तुकडे, तेही डोळ्याला दिसणाऱ्या क्रमाने. हा क्रम टंकलेखन यंत्राचा होता. मराठी टंकलेखकाची बोटे ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन मागाहून दाबायला शिकलेली होती, त्यामुळे त्याला ह्यात खटकण्यासारखे काही नव्हते. शिवाय प्रत्येक कंपनीचा तुकड्यांचा नकाशा निराळा. एका टंकात जिथे ‘म’ तिथे दुसऱ्यात ‘ष’चा पाय. ह्या मजकुराची अकारविल्हे सूची लागत नसे, शब्द शोधता येत नसे. कोशकाराच्या दृष्टीने तो मजकूर नव्हताच, ती चित्रे होती. आणि तो टंक नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की समोर रोमन अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे ह्यांचा ढीग.

महानुभावांच्या सकळ लिपीची येथे आठवण होते. त्यांचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत बंद राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे ह्यांच्या प्रयत्नांनी किल्ली हाती आल्यावरच मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे आरंभीचे प्रकरण नव्याने लिहावे लागले. तिथे लपवणे हेतुपुरस्सर होते. इथे हेतू नव्हता, परिणाम मात्र तोच. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातील एका स्थानिक स्मरणिकेची फाईल आम्ही अलीकडे पाहिली. छापील प्रती वाळवीने खाल्लेल्या, फाईल शाबूत, टंकाचे नाव तिच्यात नोंदलेले, आणि तो टंक कुठेच नाही. ज्यांनी त्या स्मरणिकेत आठवणी लिहिल्या त्यांतले बरेच जण आज हयात नाहीत. राजवाड्यांना निदान जाणकार महंत तरी विचारायला होते.

फेब्रुवारी २०००मध्ये विंडोज २००० आले आणि कारभाऱ्यालाच देवनागरी कळू लागली. १९९१ पासून आकार घेत असलेल्या युनिकोड ह्या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा विभाग इस्कीच्याच मांडणीवरून घेतलेला होता. म्हणजे डॉसच्या काळात हाती असलेले आणि विंडोज ९५च्या काळात सुटलेले तत्त्व फिरून परत आले. त्यासोबतचा ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशींचा. अक्षरांचा एवढा मोठा उपासक आणि कवी ह्या कामात होता, ही गोष्ट मराठीच्या वर्गांत क्वचितच सांगितली जाते. तरी दार एकदम उघडले नाही. विंडोज एक्सपीत जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी भाषांच्या रकान्यात जाऊन एक खूण करावी लागे, आणि तेवढ्यावर न भागून यंत्र मूळ सीडी मागे. तालुक्याच्या गावी मूळ सीडी कोणाजवळ असणार? २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या मुलांना विंडोज शिकवले. ती एक खूण मात्र पुष्कळांच्या यंत्रावर कधीच झाली नाही. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ती करण्याची गरज उरली नाही.

छापणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी होती. ज्या पेजमेकरवर सारा धंदा उभा होता, त्याची शेवटची आवृत्ती २००१ची आणि तिला युनिकोड ठाऊकच नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची मांडणी नीट होऊ लागली ती २०१२च्या सुमारास. त्यामुळे लेखक युनिकोडात मजकूर पाठवतो, छापणारा तो जुन्या टंकात रूपांतरित करतो, मुद्रिते त्या रूपात तपासली जातात, आणि शेवटी दुरुस्त झालेली संहिता पुन्हा त्याच बंद लिपीत अडकते, असा उलटा प्रवास वर्षानुवर्षे चालला. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार अधिकृतपणे संपला. छापणाऱ्याला एक्सपी सोडणे अवघड गेले, ह्यात त्याचा आळस शोधणे अन्यायाचे होईल; त्याच्या सगळ्या जुन्या ग्राहकांचा मजकूर तिथेच उघडत होता.

लिनक्सकडे जाणारी वाटही ह्याच काळात पडली. इंडलिनक्ससारखे स्वयंसेवी प्रयत्न २०००च्या सुमारास सुरू झाले, आणि पुण्यात मुद्दाम घडवून घेतलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटने मुक्त परवान्याखाली खुले केले. ह्या वाटेने थोडेच गेले. तरी टंक ही कोणा एका कंपनीची मालमत्ता न राहता सार्वजनिक पाणवठ्यासारखी असू शकते, ही जाणीव मराठीत रुजायला ती उपयोगी पडली.

आता थोडे रूपांतरकांविषयी, कारण आजच्या पाठचिकित्सकाचे खरे काम तिथे आहे. जुन्या टंकातील मजकूर युनिकोडात आणणाऱ्या आज्ञावली आहेत आणि त्या एकंदरीत चांगले काम करतात. त्या चुकतात त्या मराठीच्या मर्मस्थळी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा; ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्यांत विद्यापीठ आणि स्वयंपाकघर इतके अंतर. हिंदीला हा भेद नको असतो, म्हणून हिंदी समोर ठेवून केलेली आज्ञावली दोन्हीकडे रफार देऊन मोकळी होते. त्यातून हा आडवा र युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही एकच. शोध घेताना मात्र एक सापडतो, दुसरा निसटतो. ‘ॲ’चेही तसेच. २००८ साली युनिकोडच्या ५.१ ह्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीचा सगळा मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला आहे. एखाद्या लेखकाने इंग्रजीतून आलेले शब्द किती वापरले हे यंत्राकरवी मोजू पाहणाऱ्या संशोधकाने आधी आपली संहिता २००८च्या अलीकडची की पलीकडची, हे तपासलेले बरे.

६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवले. ल आणि श ह्यांची मराठी वळणे त्यात सांगितली आहेत. ते आवश्यकच होते. पण वळण ही टंकाची बाब, आणि आमचा प्रश्न त्याखालच्या थराचा आहे. ह्या तालुक्यातील काही गावे नाथसागराच्या पाण्याखाली गेली आणि वरच्या अंगाला नव्याने वसली. तिथे जुन्या गावाचे नाव राहते, देऊळही पुन्हा बांधले जाते. कोणाची विहीर कुठे होती हे मात्र सांगणारा माणूस लागतो.

तसा माणूस आज छापखान्यातच भेटण्याचा संभव अधिक. अनेक ठिकाणी कोपऱ्यात एक जुने यंत्र एक्सपीसह, जाळ्याला न जोडता, झाकून ठेवलेले असते, आणि ते चालवणाऱ्याला कोणता अंक कोणत्या टंकात लावला होता हे तोंडपाठ असते. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी पदव्युत्तर प्रकल्पांसाठी विषय शोधताना त्या यंत्रांची, त्यांतील टंकांची आणि फाईलींची सूची हाती घ्यावी असे आम्हांस वाटते. कामाला फार खर्च नाही. चकती बंद पडण्याआधी ते व्हायला हवे, एवढेच.