खडकातले दूषण आणि सीमेपार जाणारे तंत्र

१. प्रश्नाची मांडणी

राहुरी तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की आधी आकडे निघतात. बारागाव नांदूरजवळच्या मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी. त्यातून आवर्तन कधी सुटणार, जायकवाडीला किती जाणार, नगर शहराच्या पिण्यासाठी किती राखून ठेवायचे, याचे हिशेब पारावर मांडले जातात. २०१४ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचे सूत्र घालून दिले, तरी वाद संपला नाही. पाणी वाटताना एकाच्या पदरात जे पडते ते दुसऱ्याच्या पदरातून गेलेले असते, त्यामुळे तो सहजी संपणाराही नाही.

पाणी पिण्याजोगे करण्याच्या विद्येला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. नागपुरात सिद्ध झालेली रीत टांझानियात वापरली म्हणून नागपूरकडची विद्या घटत नाही. मग या क्षेत्रातले सहकार्य सोपे असायला हवे, पण ते वारंवार फसते. त्याचे कारण तंत्राच्या घडणीत आहे. अशा प्रत्येक तंत्राचे तीन थर असतात: रसायन, मात्रा आणि व्यवस्था. रसायन कुठलीही सीमा ओलांडते. मात्रा प्रत्येक पाण्यासाठी नव्याने ठरवावी लागते. व्यवस्था गावातच उभी करावी लागते. जिथे पहिल्या थरालाच संपूर्ण तंत्र मानले गेले तिथे सहकार्य फसले, एवढेच येथे दाखवायचे आहे.

२. दूषण येते कुठून

नैसर्गिक दूषणामागे कारखान्याचे सांडपाणी नसते की गावचे गटार नसते. पाणी खडकातून झिरपताना खडकाचे घटक स्वतःत विरघळवून घेते. कोणता घटक किती विरघळणार हे खडकाची जात, पाणी त्याच्या संपर्कात किती काळ राहिले आणि पाण्यात आधी काय विरघळले आहे, यांवर ठरते.

राहुरीखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतात आणि पाणी जड होते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मुळा आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रात त्याला सिंचनाची जोड मिळाली. निचरा अपुरा पडला तिथे भूजल वर आले, उन्हाने पाणी उडाले आणि क्षार मागे राहिले. जमिनी चोपण झाल्या, विहिरी मचूळ झाल्या. हे दूषण मुळात खडकाचे, पण त्याला चढवले माणसाने.

फ्लोराइडची तऱ्हा वेगळी. पाण्यात कॅल्शियम भरपूर असले तर फ्लोराइड त्याच्याशी बांधले जाऊन कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात बाहेर पडते. कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात ते विरघळलेलेच राहते. महाराष्ट्रात त्याचा त्रास प्रामुख्याने यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या काही भागांत दिसतो. पैनगंगेच्या उत्तरेला यवतमाळ, दक्षिणेला तेलंगणातले आदिलाबाद. नदी राज्यांची हद्द ठरवते. खडकाचे थर मात्र तिच्या खालून अखंड पलीकडे जातात. आर्सेनिकचेही तसेच: गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी परिसरात ते भूजलात सापडले आहे.

भारतीय मानक १०५०० प्रमाणे लिटरमागे फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी ५००, आणि पर्याय नसल्यास २,००० मिलिग्रॅम. क्षार जिभेला कळतो. फ्लोराइड आणि आर्सेनिक यांना या प्रमाणात ना रंग, ना वास, ना चव. पाणी उकळूनही ते जात नाहीत. पाणी आटले की उलट त्यांचे प्रमाण वाढते. म्हणून इथे सगळ्या उपायांच्या आधी तपासणी येते.

३. तपासणीशिवाय आलेली मदत

मराठवाडा आणि सोलापूरचा एक वारसा जगभर पोचला आहे. कठीण खडकातल्या बोअरवर टिकेल असा हातपंप मिशनऱ्यांच्या पुढाकाराने जालन्यात आणि सोलापुरात घडवला गेला. सोलापूर पंपाच्या आधारावर १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतही गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअर गावोगाव झाले. उघड्या विहिरीच्या पाण्यातून होणारे रोग त्यामुळे टळले, पण पाणी उपसण्याची खोलीही वाढली. खोलवरचे पाणी खडकात जास्त काळ मुरलेले असते. फ्लोराइडच्या पट्ट्यात त्याची किंमत दातांनी आणि हाडांनी मोजली.

बंगालमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. बांगलादेशात आंतरराष्ट्रीय मदतीने लाखो नळकूप खोदले गेले. त्या वेळी पाण्यातले आर्सेनिक तपासलेच गेले नाही. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकबाधित रुग्ण १९८३ मध्ये कोलकात्याच्या डॉक्टरांनी ओळखले होते. बांगलादेशात भूजलातले आर्सेनिक निश्चित झाले ते १९९३ मध्ये. एकच त्रिभुज प्रदेश, एकच भाषा आणि मध्ये एक सीमा. तरी धोक्याची खबर कृतीत उतरायला दहा वर्षे लागली. पंपाचे तंत्र त्याआधीच सीमेपार पोचले होते. मागे राहिली ती नोंद.

४. नागपूर ते अरुशा

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने म्हणजे ‘नीरी’ने फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू यांचा त्यावरील शोधनिबंध १९७५ चा. साहित्य बाजारात मिळणारे: तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. तुरटी पाण्यात पडली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके तयार होतात, फ्लोराइड त्यांना चिकटते आणि पुंजक्यांबरोबर खाली बसते. चुन्यामुळे पाणी आम्ल होत नाही. ब्लीचिंग पावडर जंतू मारते.

ही रीत टांझानियात गेली तेव्हा तिचे रूप बदलले. अरुशाजवळच्या न्गुरडोटो केंद्रात डेन्मार्कच्या आणि टांझानियाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ती २० लिटरच्या दोन बादल्यांत बसवली. वरच्या बादलीत कच्चे पाणी घ्यायचे, तुरटी आणि चुन्याची ठरलेली पुडी टाकायची आणि लाकडी दांड्याने ढवळायचे: साठ आकडे मोजेपर्यंत भराभर, मग तीनशे आकडे मोजेपर्यंत सावकाश. तासभर थांबायचे. तोटी तळापासून सुमारे पाच सेंटिमीटर वर बसवलेली असते, त्यामुळे गाळ तळाशीच राहतो आणि स्वच्छ पाणी खालच्या बादलीत उतरते. घड्याळ नसलेल्या घरातही ही क्रिया चुकत नाही. यातले रसायन नागपूरचे आहे. आकडे मोजण्याची युक्ती आणि तोटीची उंची त्या घरांसाठी नव्याने ठरवलेली आहे.

५. मात्रा, गाळ आणि संमती

तुरटी किती घालायची हे नुसत्या फ्लोराइडवर ठरत नाही. पाण्याची अल्कता जितकी जास्त, तितकी तुरटी जास्त लागते. म्हणून एका गावचे माप शेजारच्या गावालाही चालेलच असे नाही. मात्रा चुकली तर फ्लोराइड राहते किंवा पाण्यात ॲल्युमिनियम उरते. तळाशी बसलेल्या गाळात तेच फ्लोराइड साठलेले असते. तो गाळ विहिरीशेजारी ओतला तर दूषण घरातून उचलून अंगणात टाकल्यासारखे होते.

तिसरी अडचण संमतीची. केनियात नाकुरूच्या कॅथॉलिक धर्मप्रांताने स्वित्झर्लंडच्या एआवाग संस्थेच्या सहकार्याने जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरून फ्लोराइड गाळणी चालवली. रसायनाच्या दृष्टीने ती उत्तम, कारण हाडातले खनिज फ्लोराइडला धरून ठेवते. पण अशा कोळशातून गाळलेले पाणी महाराष्ट्रातल्या अनेक घरांत तोंडाला लावले जाणार नाही. हा अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. गाळणी चालणार की पडून राहणार हे तिथेच ठरते.

६. नलगोंड्याला काय मिळाले

ज्या नलगोंड्याचे नाव या पद्धतीला मिळाले, तिथला मोठा दिलासा अखेर तुरटीतून आला नाही. तेलंगणाने ‘मिशन भगीरथ’खाली गावोगाव नदीचे पाणी नळाने पोचवले आणि नलगोंड्याच्या वाट्याला कृष्णेचे पाणी आले. सुरक्षित स्रोत आवाक्यात असेल तर दूषित पाणी शुद्ध करत बसण्यापेक्षा स्रोत बदलणे अधिक टिकाऊ ठरते. रोज मात्रा मोजावी लागत नाही, गाळ साचत नाही. पण नदीचे पाणी आणले की प्रश्न पुन्हा वाटपाच्या हिशेबात येतो. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावून चार राज्यांच्या वादातून तिथे पोचते. म्हणून शुद्धीकरणाचे तंत्र निरुपयोगी होत नाही. जिथे नदी पोचत नाही अशा वस्त्यांसाठी ते लागणारच.

७. राहुरीपुरता निष्कर्ष

राहुरीच्या मचूळ पाण्याला नलगोंडा पद्धत लागू नाही. ती क्षार कमी करत नाही, आणि लिटरमागे १,५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्षार असतील तर आधी क्षारच काढावे लागतात. क्षारांवर प्रचलित उपाय आरओचा. त्याचे पडदेही सीमापार सहकार्याचेच फळ: कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास ते व्यवहार्य केले. आज गल्लोगल्ली जारचे पाणी मिळते. पण आरओमधून बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात, आणि ते उघड्या गटारातून पुन्हा जमिनीत मुरते. इथेही पहिला थर आला, तिसरा आला नाही.

त्या थराची सामग्री तालुक्यात आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीतच आहे, आणि क्षारपड जमीन आणि सिंचनाचे पाणी हे त्याचे नेहमीचे अभ्यासविषय. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक नमुने घेतात, जलजीवन मिशनखाली गावातल्या महिलांना तपासणी संच हाताळायला शिकवले गेले. मात्र पिकाला चालणारे पाणी आणि पिण्याला चालणारे पाणी यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. दोन्ही नोंदी एकत्र ठेवल्या आणि संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे या शेजारच्या तालुक्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर कोणत्या गावाला मुळेचे पाणी नळाने पुरवायचे आणि कुठे यंत्र बसवणे अटळ आहे हे स्पष्ट होईल. सहकार्याची सुरुवात परदेशी करारापासून व्हावी लागत नाही. ती शेजारच्या तालुक्याच्या अहवालापासून होऊ शकते.

बाहेरचे तंत्र घ्यायचेच झाले, तर करारात यंत्राच्या किमतीआधी तीन खर्च लिहिले जावेत: दर हंगामातल्या तपासणीचा, रसायनांचा किंवा पडदे बदलण्याचा, आणि गाळ किंवा खारट सांडपाणी विल्हेवाटीला लावण्याचा. अनुदान संपल्यावर हे तिन्ही कोण भरणार याचे उत्तर ग्रामसभेत ठरले असेल, तरच यंत्र मागवावे.