कॅलेंडरवरचे यजमान

रेल्वे कंपनीचे नुसते रूळ टाकून भागत नाही. डब्यांत बसायला माणसेही लागतात. अमेरिकेतली ग्रेट नॉर्दर्न रेल्वे १८९३मध्ये पश्चिमेला सिएटलपर्यंत पोहोचली. पण वाटेत मोंटानाच्या डोंगरांत कुणी कशाला उतरावे? कंपनीचे प्रमुख लुई हिल यांनी त्याचे उत्तर शोधले. तो मुलूख राष्ट्रीय उद्यान व्हावा म्हणून त्यांनी सरकारदरबारी जोर लावला आणि ११ मे १९१० रोजी ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

मग कंपनीने तिथे हॉटेले उभारली, चित्रकार बोलावले. सुटीत युरोपातल्या आल्प्सकडे धावणाऱ्या श्रीमंतांना पोस्टरे सांगू लागली, ‘आधी अमेरिका पाहा!’ या जाहिरातींत हिमशिखरांइतकाच मान होता तिथल्या ब्लॅकफीट आदिवासींना. जर्मनीत जन्मलेल्या विनोल्ड राइस या चित्रकाराने काढलेली त्यांची चित्रे १९२८पासून तीसेक वर्षे कंपनीच्या कॅलेंडरांवर घरोघरी झळकली. पिसांचे शिरोभूषण, मणीकामाचे कपडे, रोखून पाहणारे डोळे. गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताला ब्लॅकफीट मंडळी पारंपरिक वेशात स्थानकावरही उभी असत.

चित्रात ते यजमान दिसतात. प्रत्यक्षात काय होते?

उद्यानाचा पूर्वेकडचा भाग मूळचा त्यांचाच. १८९५च्या करारात सरकारने तो १५ लाख डॉलरला घेतला. तरी तिथे शिकार करण्याचा, मासे धरण्याचा, लाकूड तोडण्याचा हक्क ब्लॅकफीटांनी राखून ठेवला होता. उद्यान झाले आणि शिकारीला बंदी आली. प्रकरण न्यायालयात गेले. १९१०च्या कायद्याने ते हक्क संपले, असा निकाल १९३५मध्ये लागला. ज्यांचे चेहरे दाखवून पाहुणे बोलावले, त्यांच्याच हक्कांना तिथे जागा उरली नाही.

दोष चित्रकाराच्या माथी मारता येणार नाही. राइस यांनी ती माणसे समोर बसवून, एकेकाचा चेहरा ओळखून रंगवली. १९५३मध्ये ते वारले, तेव्हा ब्लॅकफीटांनीच त्यांच्या अस्थी त्या डोंगरांच्या पायथ्याशी विखुरल्या.

१९७०मध्ये ग्रेट नॉर्दर्न दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाली. तिची पोस्टरे आता संग्राहक जपून ठेवतात. तुमच्या पाहण्यात एखादे आले, तर रंगांना दाद जरूर द्या. पण चित्रातल्या माणसाच्या डोळ्यांकडेही क्षणभर पाहा. तो आपल्याला या म्हणतो आहे, की आपले घर राखतो आहे?