ओव्हरड्राइव्ह पेडल : ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरसाठी निवड

ओव्हरड्राइव्ह पेडल : इलेक्ट्रिक गिटारचा संकेत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरण्यापूर्वी त्याची पातळी वाढवणारी, त्यात सौम्य विकृती आणणारी आणि त्यातले काही स्वरपट्टे पुढे काढणारी, पायाने चालू-बंद करायची लहान पेटी. तिच्यावर बहुधा तीनच नॉब असतात : ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल. व्हॉल्व्हवर, म्हणजे गिटारवादकांच्या बोलीत ट्यूबवर, चालणाऱ्या अ‍ॅम्पसाठी ही पेटी घ्यायची तर विचार पेटीपासून नव्हे, अ‍ॅम्पपासून सुरू करावा लागतो. एकच पेडल एका अ‍ॅम्पवर भरदार वाजते आणि दुसऱ्यावर अनुनासिक. अशा वेळी दोष बहुतेकदा पेडलला दिला जातो, पण चुकलेली असते ती जोडी.

गिटारच्या पिकअपमधून येणारा संकेत दुबळा असतो, साधारण व्होल्टच्या काही दशांशांइतका. अ‍ॅम्पमधला पहिला व्हॉल्व्ह तो कित्येक पटींनी वाढवतो. हा व्हॉल्व्ह बहुधा १२एएक्स७ असतो. युरोपात त्यालाच ईसीसी८३ म्हणतात. व्हॉल्व्हच्या ताकदीबाहेरचा संकेत आला की लहरीचे शिखर चेपले जाऊ लागते. चांगल्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये हे एकदम होत नाही. हलक्या हाताने छेडलेली तार स्वच्छ राहते, जोर वाढला की कडा खरबरीत होतात आणि आणखी जोर दिला की अ‍ॅम्प गुरगुरू लागतो. चेपलेल्या लहरीतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर उमटतात. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना असे उपस्वर नादाला केवढी रुंदी देतात हे सांगावे लागणार नाही. पहिल्या व्हॉल्व्हनंतर पुढचे टप्पे, पॉवर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर या प्रत्येकाची थोडीथोडी भर पडत जाते.

पेडल इथे दोन कामे करू शकते. ते स्वतःच्या सर्किटमध्ये विकृती निर्माण करू शकते, किंवा नुसता जोरकस संकेत पाठवून अ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हना विकृतीत ढकलू शकते. ड्राइव्हचा नॉब पहिल्या कामाचा, लेव्हलचा दुसऱ्या. या दोन कामांचे प्रमाण किती हवे हे ठरले, की निवड बरीचशी झालेली असते.

यातले दुसरे काम आधी आले. १९६० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये डॅलस कंपनीचा रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर विकला जात होता. त्यात ओसी४४ हा एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर होता, आणि तो वरचे स्वर वाढवून अ‍ॅम्पच्या तोंडात फेकत असे. गिटारवादक रॉरी गॅलघर यांनी तो व्हॉक्स एसी३० वर वापरला. गिटारवादक ब्रायन मे यांचा नादही ट्रेबल बूस्टर आणि एसी३० या जोडीवर उभा आहे. एसी३० मध्ये चार ईएल८४ पॉवर व्हॉल्व्ह असतात आणि पॉवर विभागात निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे बाहेर पडलेल्या संकेताचा अंश उलटा करून परत आत नेण्याची सोय, नसतो, त्यामुळे तो संथपणे, जराही झटका न देता विकृतीत उतरतो. अशा अ‍ॅम्पला वेगळ्या विकृतीची गरज नसते. पुरेसा धक्का मिळाला की झाले. पुढच्या सगळ्या ओव्हरड्राइव्ह पेडलांचे बीज मला या जोडीत दिसते.

पहिले काम पेडलांकडे आले ते आवाजाच्या अडचणीमुळे. १०० वॅटचा मार्शल कंपनीचा अ‍ॅम्प पूर्ण उघडला तरच हवा तसा बोलतो, पण लहान सभागृहात तो पूर्ण उघडता येत नाही. बॉस कंपनीने १९७७ मध्ये ओडी-१ हे पेडल आणले. त्यावर दोनच नॉब होते, टोनचा नॉबच नव्हता. त्यातल्या डायोडांची मांडणी असमान होती, एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक. त्यामुळे लहरीच्या वरच्या आणि खालच्या बाजू सारख्या चेपल्या जात नसत आणि दुप्पट-चौपट कंपनांचे सम उपस्वर अधिक येत. १९८१ च्या एसडी-१ मध्ये हीच असमान मांडणी ठेवून टोनचा नॉब दिला. एसडी-१ आजही बनते आणि स्वस्त मिळते. पहिले पेडल घेणाऱ्याने ते वाजवून पाहिल्याशिवाय महागड्या पेट्यांकडे वळू नये.

ओव्हरड्राइव्हचा खरा मानदंड मात्र आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर. जपानच्या निश्शिन कंपनीत सुसुमू तामुरा यांनी ते रचले. टीएस८०८ हे रूप १९७० चे दशक सरताना बाजारात आले, १९८२ मध्ये टीएस९ आणि पुढे टीएस१०. निश्शिनच्या स्वतःच्या पेडलांवर मॅक्सन हे नाव असे. या सर्किटची रचना नीट समजून घेतली, तर कुठल्याही ओव्हरड्राइव्हकडे कसे पाहावे ते कळते.

त्याच्या मध्यभागी जेआरसी४५५८ ही ऑप-अ‍ॅम्पची चिप आहे. तिच्या फीडबॅकच्या वाटेत दोन सिलिकॉन डायोड एकमेकांना उलटे जोडलेले असतात. त्यांच्यावरचा दाब साधारण ०.६ व्होल्टला पोचला की ते वाहू लागतात आणि पुढची वाढ रोखतात. मात्र या मांडणीत मूळ संकेत कधीच पूर्ण झाकला जात नाही, तो चेपलेल्या लहरीत मिसळून बाहेर येतो. म्हणून शिखर कापल्यासारखे सपाट न होता गोलावते आणि बोटांचा हलका-जड स्पर्श टिकून राहतो. वाढीचे प्रमाण ड्राइव्हच्या नॉबने साधारण १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत बदलते. ही वाढ सगळ्या स्वरांना सारखी मिळत नाही. ४.७ किलोओहमचा रोधक आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा धारित्र यांच्यामुळे सुमारे ७२० हर्ट्‌झच्या खाली ती घटत जाते, म्हणजे खर्जाची तार जवळपास अविकृत जाते. क्लिपिंगनंतर, म्हणजे लहर चेपली गेल्यावर, जवळपास त्याच कंपनसंख्येपासून वरच्या स्वरांना उतार लावलेला असतो. खालचे कमी, वरचे कमी, उरतो तो मधला उंचवटा. ट्यूब स्क्रीमरची कीर्ती या उंचवट्यावर उभी आहे आणि त्याच्याविषयीच्या तक्रारीही त्यातूनच निघतात.

फेंडरच्या १९६० च्या दशकातल्या, काळ्या दर्शनी पट्टीच्या अ‍ॅम्पांमध्ये टोनचे सर्किटच असे आहे की ४०० ते ५०० हर्ट्‌झच्या आसपास आवाजात खळगा पडतो. डिलक्स रिव्हर्बवर तर मिडचा नॉबच नाही, बेस आणि ट्रेबल एवढेच. अशा अ‍ॅम्पवर पेडलचा उंचवटा हा खळगा बऱ्याच अंशी बुजवतो. गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन यांनी टेक्सासचा ब्लूज स्ट्रॅटोकास्टर गिटार, ट्यूब स्क्रीमर आणि फेंडरचे व्हायब्रोव्हर्ब व सुपर रिव्हर्ब यांवर वाजवला. त्यांच्या नादाची जाडी ट्यूब स्क्रीमरच्या नावावर टाकली जाते, पण जाड तारा, जबरदस्त हात आणि जोरात उघडलेले अ‍ॅम्प यांचा वाटा त्यात मोठा आहे. पेडलने त्या सगळ्याला मध्यभागी एक कणा दिला.

हेच पेडल मार्शल जेसीएम८०० वर लावले तर गणित उलटे होते. या अ‍ॅम्पमध्ये मधले स्वर आधीच भरपूर आहेत आणि गेनही, म्हणजे संकेताची वाढही, आहे. तिथे ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर ठेवतात. पेडल तेव्हा स्वतः फारसे विकृत होत नाही. ते खर्जाला कात्री लावते आणि अ‍ॅम्पला ढकलते. खर्ज कमी गेल्याने अ‍ॅम्पच्या विकृतीत चिखल होत नाही आणि तळहाताने दाबून मारलेले ठोके सुटे, टणक ऐकू येतात. मेसा बूगीच्या रेक्टिफायर मालिकेतल्या भरमसाट गेनच्या अ‍ॅम्पांपुढे मेटल वाजवणारे ओव्हरड्राइव्ह लावतात ते याच कारणासाठी. एसी३० वर ट्यूब स्क्रीमर मला पटत नाही. त्या अ‍ॅम्पचा चमकदार वरचा मध्यपट्टा आणि पेडलचा उंचवटा शेजारी-शेजारी आले की आवाज चोंदतो. तिथे ट्रेबल बूस्टर किंवा सर्व पट्टे सारखे उचलणारे पेडलच बरे.

सर्व पट्टे सारखे उचलणाऱ्या पेडलांना ‘ट्रान्सपरंट’ म्हणण्याची रीत आहे. १९९१ मध्ये मार्शलने काढलेले ब्लूजब्रेकर या वर्गातले : कमी गेन, मृदू क्लिपिंग आणि फार न कापलेला खर्ज. अमेरिकेतल्या अ‍ॅनॅलॉग मॅनचे किंग ऑफ टोन याच सर्किटवर बेतले आहे. बिल फिनेगन यांनी १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये आणलेले क्लॉन सेंटॉर वेगळ्या वाटेने जाते. त्यात ९ व्होल्टचा पुरवठा आतल्या आत वाढवून घेतला जातो, त्यामुळे संकेताला अधिक मोकळी जागा मिळते. जर्मेनियम डायोडांनी चेपलेल्या संकेतात स्वच्छ संकेत मिसळला जातो आणि ड्राइव्ह फिरवले की या मिश्रणाचे प्रमाणही बदलते. सुमारे ८,००० सेंटॉर बनले. आज जुन्या नगाची किंमत संग्राहकांच्या हौसेने ठरते, पण त्याच सर्किटच्या कितीतरी नकला परवडतील अशा भावात मिळतात. अ‍ॅम्प ढकलण्यापुरते काम असेल, तर मूळ नगासाठी लाखांचा खर्च करण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. आणि पूर्ण पारदर्शक पेडल कोणतेच नसते. सेंटॉरलाही मधला उंचवटा आहे, तो फक्त जास्त रुंद आहे.

जुन्या ट्यूब स्क्रीमरच्या चिपभोवतीही अशीच दंतकथा आहे. टीएस८०८ आणि टीएस९ यांच्या सर्किटांत महत्त्वाचा फरक चिपचा नसून बाहेर पडण्याच्या टोकाशी असलेल्या दोन रोधकांचा आहे : पहिल्यात १०० ओहम आणि १० किलोओहम, दुसऱ्यात ४७० ओहम आणि १०० किलोओहम. समोर ट्यूब अ‍ॅम्पचा १ मेगओहमचा इनपुट असताना हा फरक कानाला फार थोडा जाणवतो. टोनचा नॉब किंचित सरकवला तरी त्याहून मोठा बदल होतो.

अ‍ॅम्पची शक्ती आणि आपण प्रत्यक्षात किती आवाजात वाजवणार, हा प्रश्न पेडलच्या नावापेक्षा आधीचा. २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब लहान मंचावर विकृतीच्या उंबरठ्यावर आणता येतो, आणि तिथे कमी ड्राइव्हचे कोणतेही चांगले पेडल जिवंत होते. ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब तेवढ्या आवाजात स्वच्छच राहतो. त्याच्यासमोर सगळी विकृती पेडललाच करावी लागते. मग नुसते ढकलणारे पेडल निरुपयोगी ठरते आणि ज्याचा स्वतःचा नाद एकट्याने ऐकवेल असे घ्यावे लागते. १९९५ पासूनचे बॉसचे ब्लूज ड्रायव्हर अशा स्वच्छ अ‍ॅम्पवर चांगले बोलते, कारण त्याचा खर्ज शाबूत असतो आणि जोरात छेडल्यावर ते मोकळे फाटते. फ्लॅटच्या खोलीत वाजवणाऱ्या बहुतेकांचा अ‍ॅम्प आकाराने लहान असला तरी वापरात ट्विनसारखाच असतो, कारण शेजाऱ्यांमुळे तो कधीच उंबरठ्यापर्यंत जात नाही.

परीक्षा स्वतःच्या गिटारवर घ्यावी. मुंबईत धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात जाताना ती बरोबर न्यावी आणि आपल्या अ‍ॅम्पच्या जवळचा ट्यूब अ‍ॅम्प मागून घ्यावा. सिंगल-कॉइल आणि हंबकर या दोन प्रकारच्या पिकअपांच्या संकेतांत इतका फरक असतो की दुसऱ्याच्या गिटारवर केलेली निवड घरी टिकत नाही. आधी पेडल बंद ठेवून अ‍ॅम्प लावावा, मग पेडल चालू करून लेव्हल आधी जुळवावी, कारण जो आवाज मोठा तो कानाला चांगलाच वाटतो. मग पूर्ण कॉर्ड छेडावी. षड्ज-पंचमाची जोडी भरपूर ड्राइव्हवरही सरळ राहते, पण त्यात गंधार आला की स्वरांच्या परस्पर मिश्रणातून नवे, बेसूर स्वर जन्मतात आणि कमी दर्जाचे किंवा अति गेनचे पेडल तिथे उघडे पडते. शेवटी गिटारवरचा व्हॉल्यूम अर्धा उतरवावा. नाद स्वच्छ झाला आणि तरी बारीक झाला नाही, तर पेडल आणि अ‍ॅम्प एकमेकांना मानवले असे समजावे. घरी किंचित कोंदट वाटणारे मधल्या उंचवट्याचे पेडल बँडमध्ये बेस आणि झांजा यांच्या मधली जागा नेमकी पकडते. म्हणून अंतिम निकाल तालमीतच द्यावा.

जोडणीत ओव्हरड्राइव्ह अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटलाच येते. इफेक्ट्स लूप, म्हणजे पेडले जोडण्यासाठी अ‍ॅम्पमध्ये दिलेली मधली वाट, प्रीअ‍ॅम्पच्या नंतर असल्याने तिथे ते पहिल्या व्हॉल्व्हला ढकलूच शकत नाही. बॉस आणि आयबानेझची बहुतेक पेडले बंद असतानाही संकेत बफरमधून, म्हणजे तो न बदलता पुढे रेटणाऱ्या सर्किटमधून, नेतात, आणि लांब केबल असेल तेव्हा वरचे स्वर टिकवायला ते उपयोगीच पडते. जर्मेनियमचा ट्रेबल बूस्टर मात्र बफरच्या आधी, थेट गिटारनंतर लावावा, कारण पिकअपशी थेट जोडला गेला तरच त्याचा स्वभाव दिसतो.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा, मधला खांब ऋण असलेला अडॅप्टर लागतो. खांब उलटे झाले तर सर्किट जळू शकते. १८ व्होल्ट उत्पादकाने लिहिले असेल तरच द्यावेत. परदेशातून आणलेल्या अ‍ॅम्पबाबत अधिक सावध राहावे लागते. अमेरिकेतला अ‍ॅम्प १२० आणि जपानमधला १०० व्होल्टसाठी बनलेला असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. मागे व्होल्टेज निवडण्याची सोय नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो घेताना अ‍ॅम्पचे आउटपुट वॅट पाहून चालत नाही. अ‍ॅम्प विजेच्या जोडणीतून त्याहून कितीतरी अधिक शक्ती ओढतो आणि तो आकडा बहुतेक अ‍ॅम्पांच्या मागच्या पट्टीवर छापलेला असतो. ट्रान्सफॉर्मर त्या आकड्यापेक्षा मोठा घ्यावा.