प्रथिन-निर्देशक, अस्थिकर्करोगाच्या केमोथेरपीतील

ऑस्टिओसार्कोमा हा मुख्यत्वे कुमारवयात, बहुधा गुडघ्यालगतच्या हाडात उद्भवणारा अस्थिकर्करोग केमोथेरपीला कितपत दाद देईल, याचा अंदाज उपचारापूर्वीच बांधता यावा म्हणून अर्बुदाच्या ऊतकात वा रक्तात ज्या प्रथिनांचा शोध घेतला जातो, त्यांना ही संज्ञा आहे. त्यांपैकी एकही प्रथिन अद्याप नित्याच्या उपचारात रूढ झालेले नाही.

आजची प्रचलित कसोटी शस्त्रक्रियेनंतरची आहे. अर्बुदासह काढलेले हाड करवतीने उभे चिरतात, मधल्या चकतीवर चौकटी आखून प्रत्येक तुकड्यास क्रमांक देतात, आणि आम्लात मऊ केलेले ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून किती टक्के अर्बुद मृत झाले याचा दाखला पॅथॉलॉजिस्ट देतो. नव्वद टक्क्यांची मर्यादा गाठली गेली तर प्रतिसाद चांगला मानतात. हा निकाल विश्वसनीय खरा, परंतु तो हाती येईपर्यंत कित्येक आवर्तनांचा दाह एखाद्या शाळकरी मुलाच्या देहाने सोसून झालेला असतो. मुंबईच्या परळ भागातील टाटा मेमोरियल रुग्णालयाने (स्थापना १९४१) सिद्ध केलेल्या 'ओजीएस-१२' या पद्धतीत डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन व आयफॉस्फामाइड यांची चार आवर्तने शस्त्रक्रियेपूर्वी व चार नंतर देतात. मेथोट्रेक्झेटची मोठी मात्रा तीत वगळली आहे, कारण त्या औषधाची रक्तातील पातळी वारंवार मोजण्याची सोय सर्वत्र नसते.

निर्देशकांत सर्वाधिक अभ्यास झाला तो पी-ग्लायकोप्रोटीनचा. पेशीच्या आवरणात बसलेले हे प्रथिन आत शिरलेले डॉक्सोरुबिसिन ऊर्जा खर्चून बाहेर फेकते. त्याचे प्रमाण अधिक असलेल्या रोग्यांत रोग उलटण्याचा संभव अधिक, असे इटलीतील बोलोन्या येथील संशोधकांनी १९९५ मध्ये दाखविले. मात्र ऊतक-मृत्यूच्या प्रमाणाहून हा निर्देशक स्वतंत्र ठरला. शिवाय सिस्प्लॅटिनला हे प्रथिन अडवीत नाही, तेव्हा परळच्या औषधत्रयीपुरता त्याचा अर्थ नव्याने तपासणे अगत्याचे आहे. बायोप्सीच्या ऊतकातील सर्व प्रथिने एकत्र पडताळण्याच्या पद्धतीने जपानी संशोधकांनी २०१० मध्ये पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ हे नाव पुढे आणले. हायड्रोजन पेरॉक्साइडचा निरास करणारे हे प्रथिन कमी दाद देणाऱ्या अर्बुदांत अधिक आढळले. रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज जिल्ह्याच्या गावीही स्वस्तात मोजता येते, परंतु वाढत्या वयात ते निसर्गतःच चढलेले असल्याने त्यावर एकट्यावर विसंबता येत नाही.

पूर्वअंदाजाची निकड युरॅमॉस-१ या सतरा देशांतील, २,२६० रोग्यांच्या चाचणीने अधिकच स्पष्ट केली. शस्त्रक्रियेनंतर प्रतिसाद अपुरा दिसलेल्यांना जादा औषधे दिली, तरी रोगमुक्त काळ वाढला नाही, असा तिचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष होता. अर्थात अंदाज आधी कळला तरी हाताशी पर्यायी औषध असल्यावाचून त्याचे मोल पुरते वसूल होणार नाही, हेही तितकेच सत्य आहे.

एक व्यावहारिक अडचण विशेष नमूद करण्याजोगी आहे. अर्बुद सर्वत्र एकसारखे नसते आणि सुईने काढलेला नमुना एकाच जागेचा असतो. त्यातच हाड मऊ करणाऱ्या तीव्र आम्लाने प्रथिनांचे रूप बिघडते व एकाच ऊतकाचे निकाल दोन प्रयोगशाळांत भिन्न येतात. यास्तव बायोप्सीच्या वेळीच तिचा एक अंश आम्लाचा स्पर्श न होऊ देता गोठवून ठेवण्याची तजवीज रुग्णालयांनी करावयास हवी.